मुंबईची फियाट टॅक्सी आणि धुराची परीक्षा

ता. २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या परिवहन कचेरींत प्रीमियर पद्मिनी जातीची शेवटची टॅक्सी नोंदली गेली. तिची वीस वर्षांची मुदत २९ ऑक्टोबर २०२३ रोजीं भरली, आणि दुसऱ्या दिवसापासून ही काळीपिवळी गाडी मुंबईच्या रस्त्यांवर भाडें घेऊन धावण्यास अपात्र ठरली. वर्तमानपत्रांनीं त्या वेळीं पुष्कळ हळहळ व्यक्त केली. ती खोटी होती असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्या साऱ्या लेखनांत एक साधा प्रश्न आमच्या पाहण्यांत आला नाहीं. ही गाडी गेली ती कोणत्या अपराधाकरितां? ती धूर ओकत असे म्हणून गेली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिति अशी कीं, तिला रजा देतांना तिचा धूर कोणी तपासला नाहीं. तिची जन्मतारीख तपासली.

हा भेद लहान नाहीं. जुन्या मोटारीच्या धुराचा बंदोबस्त करण्याचे दोन मार्ग आहेत. एक वैद्याचा: नाडी पाहावी, दोष कोठें आहे तो हुडकावा, बरा होण्याजोगा असल्यास बरा करावा. दुसरा पंचांगाचा: वय मोजावें आणि मुदत भरतांच निरोप द्यावा. मुंबईनें पहिला मार्ग सुमारें वीस वर्षें चोखाळला व शेवटीं दुसरा पत्करला. असें कां झालें, हें शीव कोळीवाड्याच्या परिसरांतून पाहिलें असतां चांगलें उमगतें.

शीव म्हणजे सीमा. मुंबई बेट संपून साष्टी जेथें सुरू होई त्या हद्दीवरचें हें गांव. सतराव्या शतकांत इंग्रजांनीं येथील टेकडीवर किल्ला बांधला तोहि हद्द राखण्याकरितांच. जवळ खाजणें, मिठागरें आणि खाडीवर पोट भरणाऱ्या कोळ्यांची वस्ती, तो कोळीवाडा. १९४७ च्या फाळणीनंतर या वस्तीशेजारीं पंजाबकडून आलेल्या निर्वासितांना आसरा मिळाला, आणि हार्बर मार्गावरील जें स्टेशन पूर्वीं 'कोळीवाडा' म्हणून ओळखलें जाई, त्यास पुढें गुरु तेगबहादूर यांचें नांव देण्यांत आलें. या पंजाबी व शीख कुटुंबांतील कित्येक पुरुषांनीं टॅक्सी आणि मालमोटार हांकण्याचा धंदा धरला. (हॉटेलांतून 'कोळीवाडा' या नांवानें जी तळलेली कोळंबी मिळते ती याच शेजाराची देणगी, पण तो विषय निराळा.) या स्टेशनापासून दोन स्टेशनें पलीकडे कुर्ला. तेथें सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीचा कारखाना होता. प्रथम तेथें क्रायस्लर कंपनीच्या अमेरिकन गाड्या जोडल्या जात. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध जुळून फियाट ११०० तयार होऊं लागली, आणि १९७४ पासून तिनें 'प्रीमियर पद्मिनी' हें नांव धारण केलें. मुंबईकरांच्या तोंडीं मात्र ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली.

गाडी जेथें जन्मली, तिचे कित्येक चालक जेथें राहिले, आणि तिचे सुटे भाग जेथें मोडीच्या बाजारांत विकले गेले, तीं सारीं ठिकाणें अशीं दोन-तीन मैलांच्या आंत येतात. पूर्व मुंबईची परिवहन कचेरीहि जवळच, वडाळ्यास. एकाच यंत्राचें पाळणाघर, बिऱ्हाड, इस्पितळ आणि न्यायासन इतक्या जवळ सांपडणें दुर्मिळ.

धुरास कायद्यानें जाब विचारण्याची कल्पना मुंबईस नवी नव्हती. १९१२ सालीं मुंबई सरकारनें धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा केला. बंगाल्यांत तसा कायदा १९०५ सालींच झाला होता. परंतु या कायद्यांची नजर भट्ट्यांवर व कारखान्यांच्या धुराड्यांवर होती. परळ-लालबागच्या गिरण्यांचा काळा धूर वाळत घातलेल्या धोतरावर काजळी धरी, तेव्हां तो सिद्ध करावयास साक्षीदार शोधावा लागत नसे. मोटार-टॅक्सी मुंबईंत १९११ सालीं, म्हणजे आदल्याच वर्षीं आल्या होत्या. त्यांची संख्या अल्प, आणि रस्त्यांतील घोड्यांच्या लिदीपुढें त्यांचा धूर कोणास फारसा खुपला नसावा. त्या काळची परीक्षा डोळ्यांची होती: जितका काळा तितका वाईट.

डोळ्यांची ही साक्ष अपुरी आहे, हें कळावयास आणखी चाळीस वर्षें जावीं लागलीं. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहरावर १९४३ च्या सुमारापासून डोळे झोंबविणारें एक विचित्र धुकें उतरूं लागलें. लोकांनीं प्रथम कारखान्यांस दोष दिला. हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें १९५० च्या आसपास दाखवून दिलें कीं, मोटारींतून व तेलाच्या कारखान्यांतून निसटणारी न जळलेली पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे सूर्यप्रकाशांत एकमेकांवर परिणाम करून तें धुकें उत्पन्न करतात. म्हणजे अपराधी पदार्थ बाहेर पडतांना दिसतच नव्हता. मोटारीचा दुसरा विषारी वायु जो कार्बन मोनॉक्साइड, त्यास तर रंगहि नाहीं आणि वासहि नाहीं. रक्तांत तो प्राणवायूची जागा बळकावतो तेव्हांच त्याची ओळख पटते.

भारतांत १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं या अदृश्य धुरास आंकड्यांचें बंधन घातलें. पेट्रोलच्या चारचाकी गाडीनें, ती उभी असून इंजिन मंद फिरत असतां, कार्बन मोनॉक्साइड शेंकडा ३ पेक्षां अधिक सोडूं नये. डिझेलच्या गाडीच्या धुराची घनता हार्ट्रिज मापानें ६५ च्या वर जाऊं नये. ता. १ ऑक्टोबर २००४ पासून न जळलेल्या पेट्रोलचें, म्हणजे हायड्रोकार्बनचेंहि माप घेतलें जाऊं लागलें: जुन्या गाडीस दशलक्ष भागांत १५००, आणि 'भारत-२' व त्यापुढील प्रतीच्या गाड्यांस ७५०. याच परीक्षेचा दाखला म्हणजे सर्वांच्या परिचयाचें पी. यू. सी. जुन्या गाडीच्या मर्यादा किती सैल होत्या, तें 'भारत-४' प्रतीच्या गाडीशीं ताडून पाहावें. तिला कार्बन मोनॉक्साइड शेंकडा ०.३ च्या आंत राखावा लागतो. एवढी, दसपट, सवलत असूनहि फियाट नापास कां होई?

येथें मिस्त्रीच्या विद्येकडे वळलें पाहिजे, आणि तिच्याबद्दल सुशिक्षितांत जें अज्ञान आहे तें पाहतां थोडें विस्तारानें लिहिल्यास वाचक क्षमा करतील. फियाटचें इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें. त्याला एक कार्बोरेटर, एक डिस्ट्रिब्यूटर, चार प्लग. संगणक नाहीं, कीं सायलेन्सरच्या वाटेंत धूर शुद्ध करणारा कन्व्हर्टर नाहीं. त्यामुळें आंत जें बिघडलें असेल तें जसेंच्या तसें नळींतून बाहेर येई. पेट्रोलचा एक भाग पुरता जळावयास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली कीं पेट्रोलांतील कार्बन अर्धवट जळतो व मोनॉक्साइडचा आंकडा चढतो. ठिणगी चुकली कीं पेट्रोल न जळतांच निसटतें व हायड्रोकार्बनचा आंकडा चढतो. निदानाचा सारा ग्रंथ या दोन आंकड्यांत आहे.

पहिला आंकडा मोठा आणि दुसरा बेताचा असेल, तर जाणता मिस्त्री प्लगांस हात लावीत नसे. तो आधीं एअर फिल्टर काढून इंजिन तसेंच चालवून पाही. मुंबईच्या धुळीनें फिल्टर गच्च झाला असेल तर आंकडा तेथल्या तेथें उतरे, आणि काम थोडक्यांत आटपे. तेवढ्यानें न भागल्यास चोक: त्याची तार अडकून झडप अर्धी मिटलेली राहिली, तर इंजिन तापल्यावरहि थंडीचाच खुराक खात राहतें. नंतर कार्बोरेटरची वाटी. तींत पोकळ फ्लोट तरंगत असतो. त्यास बारीक छिद्र पडून आंत पेट्रोल शिरलें तर तो बुडतो व वाटी भरून वाहूं लागते. पेट्रोल अडविणारी सुई झिजली असली तरी परिणाम तोच. मग जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारें पितळी छिद्र. गाडीस जोर यावा म्हणून कोणी उपद्व्यापी तें तारेनें कोरून मोठें केलेलें असावयाचें. हें सारें पाहून झाल्यावरच मिश्रणाच्या स्क्रूची पाळी. अर्ध्या हळकुंडानें पिवळा झालेला कारागीर मात्र प्रथम त्या स्क्रूसच पेचकस लावी.

दुसरा आंकडा मोठा असेल तर शोधाची दिशा पालटे. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढावयाची. जी काढल्यानें इंजिनाच्या आवाजांत फरक पडत नाहीं, तो सिलिंडर मुळांतच मुका. मग त्याचा प्लग काढून रंग पाहावयाचा. फिकट तपकिरी असेल तर प्रकृति ठीक, कोरडी काजळी असेल तर मिश्रण दाट, ओला व तेलकट असेल तर आंत तेल चढत आहे. पॉइंटांमधील फट, कंडेन्सर, ठिणगीचें टायमिंग, हीं ओळीनें तपासावयाचीं. पावसाळ्यांत आणखी एक संशयित असे. किंग्ज सर्कल व शीवच्या सखल रस्त्यांवर पाणी तुंबणें ही दरवर्षींची गोष्ट; जुलैंत गुडघाभर पाण्यांतून वाट काढलेल्या टॅक्सीच्या डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणांत ओल शिरे, ठिणगी वाटेंतच मुरे, आणि आंकडा फुगे. तो कांहीं गाडीच्या वार्धक्याचा दोष नव्हे. फडक्यानें पुसून जाणारा दोष होता. आणि येथें एक गंमत आहे. मोनॉक्साइड उतरावा म्हणून स्क्रू फिरवून मिश्रण प्रमाणाबाहेर पातळ केलें, तर तें नीट पेटेनासें होतें आणि हायड्रोकार्बन चढतो. एका भोकावर बोट ठेवावें तों दुसरें वाहूं लागावें, असा प्रकार. २००४ पूर्वीं फक्त पहिलें भोक मोजलें जाई, म्हणून ही युक्ति खपून गेली.

खरें वार्धक्य निळसर धुरांत दिसे. सकाळीं इंजिन सुरू करतांना निळा लोट एकदां येऊन थांबला, तर रात्रीं व्हॉल्व्हच्या गाइडमधून तेल झिरपलेलें असावयाचें. तो रोग किरकोळ. परंतु भरल्या गाडीनें चढ चढतांना लोट थांबेचना, तर पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत झिजली असें समजावें. त्यास औषध एकच: इंजिन उतरवून बोअर करणें. त्यांत आठवडा मोडे. बऱ्याच टॅक्सींचा मालक एक व चालक दुसरा. चालक रोजचें भाडें मालकास देई व उरेल त्यावर घर चालवी. दुरुस्तीचा खर्च मालकाचा, बुडालेला रोजगार चालकाचा, आणि धूर रस्त्यावरच्या लोकांचा. तिघांचे हितसंबंध असे तीन दिशांस असतां 'पुढच्या महिन्यांत बघूं' हाच निकाल बहुधा लागे, यांत नवल नाहीं.

येथवर विद्या झाली; आतां लबाडी. ही परीक्षा उभ्या गाडीची, कांहीं क्षणांची. स्क्रू पातळ करून आणलेली गाडी नळीसमोर साधूसारखी उभी राही, दाखला घेई, आणि कोपऱ्यावर वळतांच स्क्रू पूर्वपदावर येई. कारण पातळ मिश्रणावर भरलेली टॅक्सी ओढत नाहीं. दाखला मात्र सहा महिने चाले. सायलेन्सरांत नळी न घालतांच कागद हातांत ठेवणारीं केंद्रेंहि होतीं, हें मुंबईंतील मोटारमालकांस सांगणें नलगे. पेट्रोल-डिझेलमध्यें स्वस्त रॉकेल मिसळण्याचा धंदा तर याहून भयंकर. रॉकेल सहजीं वाफ होत नाहीं, अर्धवट जळतें, प्लग काजळवितें. अशा गाडीचा दोष मिस्त्रीनें शोधावा तरी कोठें? त्या धंद्याच्या मुळाशीं किती पैसा होता, हें ता. २५ जानेवारी २०११ रोजीं महाराष्ट्रास कळून चुकलें. मनमाडजवळ इंधनाच्या भेसळीवर धाड घालावयास गेलेले मालेगांवचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांस त्या टोळीनें जिवंत जाळलें.

दरम्यान लोकांचा धीर सुटत चालला होता. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनीं १९७० नंतरच्या दशकांत लालबाग, चेंबूर व खार येथील रहिवाशांच्या श्वसनविकारांची तुलना करून मुंबईची हवा वैद्यकाच्या वहींत नोंदविली होती. शीव कोळीवाडा या दृष्टीनें दुर्दैवी: एका बाजूस माहुलचे तेलशुद्धीचे कारखाने, दुसऱ्या बाजूस शहरांत शिरणारी व बाहेर पडणारी सारी वाहतूक. हवा मोजण्याचें एक सरकारी केंद्र शीव येथें बसविण्यांत आलें, तें उगाच नव्हे. १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या मोटारींस कन्व्हर्टर सक्तीचा झाला व त्यांच्याकरितां शिशाविरहित पेट्रोल आलें. २००० सालीं शिशाचें पेट्रोल देशांतून हद्दपार झालें. या सुधारणा नव्या गाड्यांच्या. जुन्या तशाच राहिल्या. शिवाय त्या सुमारास कित्येक टॅक्सींनीं पेट्रोलचें इंजिन टाकून डिझेलचें घेतलें होतें, तेव्हां काळा धूर पुन्हां डोळ्यांस दिसूं लागला.

१९९९ सालीं धुरानें त्रस्त झालेल्या रहिवाशांच्या एका मंचानें मुंबई उच्च न्यायालयांत अर्ज केला. न्यायालयानें व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिच्या अहवालानंतर जुन्या टॅक्सींनीं डिझेल व पेट्रोल सोडून सी. एन. जी. हा दाबलेला नैसर्गिक वायु वापरावा असे हुकूम निघाले. दिल्लींत सर्वोच्च न्यायालयानें १९९८ सालीं असेंच केलें होतें. मुंबईंत वायु पुरविणारी महानगर गॅस कंपनी १९९५ सालीं स्थापन झालेलीच होती. टॅक्सीवाल्यांनीं प्रथम कुरकुर केली, पण वायु स्वस्त पडूं लागला तशी ती ओसरली. डिकींत टांकी आली, सामान टपावरच्या कॅरियरवर गेलें, आणि पंपांपुढें लांबच लांब रांगा लागल्या. काळा धूर गेला. मिस्त्रीची विद्या मात्र संपली नाहीं. वायु पेट्रोलपेक्षां सावकाश जळतो, म्हणून ठिणगीचें टायमिंग नव्यानें लावावें लागे, आणि चुकलेला प्लग वायूवरहि चुकलेलाच.

आमच्या मतें या गाड्यांचा खरा निकाल येथेंच लावावयास हवा होता. इंधन पालटलें होतें, मोजण्याचें यंत्र होतें, दोष ओळखणारीं माणसें होतीं. कमी होता तो विश्वास. नळींतून निघालेला आंकडा खरा, यावर ना रहिवाशाचा विश्वास होता, ना सरकारचा. आणि तसा तो नसावा याचीं कारणें वर आलींच आहेत. जन्मतारीख मात्र खोटी पाडतां येत नाहीं. २००८ सालीं टॅक्सीस २५ वर्षांची मर्यादा घालण्यांत आली, ती २०१३ सालीं २० वर्षांवर आणली गेली. कुर्ल्याच्या कारखान्यांतील फियाटचें उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावरच बंद पडलें होतें. तेव्हां या हुकुमानें तिच्या शेवटाची तारीख ठरून गेली.

या निर्णयाच्या बाजूनेंहि बोलण्याजोगें पुष्कळ आहे. टॅक्सी दोन पाळ्यांत, दिवसरात्र धावते. खाजगी गाडी दहा वर्षांत झिजते तितकी ती तीन वर्षांत झिजते. आणि उत्तमांतील उत्तम मिस्त्रीनें लावलेली फियाट झाली, तरी कन्व्हर्टर लावलेल्या नव्या गाडीची बरोबरी ती करूं शकत नाहीं. त्या दसपट सवलतीचा अर्थ दुसरा काय? कोळीवाड्याच्या रस्त्यालगत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या दमेकऱ्यानें मिस्त्रीच्या सचोटीची वाट किती दिवस पाहावी? पण मग सवलत कमी करावयाची होती, नळी कडक करावयाची होती, न मापतां दाखले देणाऱ्यांस शिक्षा करावयाची होती. तसें करणें कष्टाचें. वय मोजणें सोपें. आणि त्यांत ज्यानें दर महिन्यास फिल्टर झटकला, वेळेवर बोअर केलें, तो चालक व ज्यानें स्क्रू फिरवून दाखला मिळविला तो चालक, दोघे एकाच दिवशीं एकाच रांगेंत उभे राहिले.

खाजगी पद्मिनीस हा नियम लागू नाहीं. तेंच इंजिन, तोच कारखाना, कदाचित् तेंच सालहि. परंतु पंधरा वर्षें उलटल्यावर तिनें योग्यतेची तपासणी करून घ्यावी, पुनर्नोंदणी करावी, पर्यावरण कर भरावा, कीं ती रस्त्यावर येण्यास मोकळी. अशी एखादी गाडी रविवारीं शीवच्या बाजूस दिसली तर तिच्या कांचेवर पाहावें: तिच्याहि मालकास सहा महिन्यांनीं सायलेन्सरांत नळी घालावी लागते, आणि यंत्रावर वाचावयाचे आंकडे अद्याप तेच आहेत, शेंकडा ३ आणि दशलक्षांत १५००.